कार्पेंटर म्हणजे गाडी करणारा

“ह्यो आरा बद्द वाजतुया,” तातोबा सुतार म्हणाला आणि हातोडीचा दांडा त्यानं चाकाच्या त्याच आऱ्यावर पुन्हा एकदा आपटला. “आयका. बाकीचं बगा कसं खन्न बोलत्यात. ह्यो मुका हाय. आतनं चिरलाय.”

मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. पण इंग्रजी शिकवणाऱ्या माणसानं कळलं नाही असं कधी म्हणायचं नसतं, अशी त्या वयात माझी ठाम समजूत होती. मी मान हलवली.

“बाहेरून तर धड दिसतोय.”

“बाहेरनं समदंच धड दिसतंय, मास्तर. गाडीत पोती भरली आन् गाडी घाटाला लागली की कळतंय.” त्यानं आरा ठोकून सैल केला, उपसून काढला आणि मागे टाकून दिला. “हां, आता तुमचं काडा. काल टर्नर झाला. खरादीवर लाकूड फिरवतो त्यो टर्नर. आज काय?”

ही एकोणीसशे चौऱ्याहत्तरची गोष्ट. येरळेकाठच्या खरसुळी गावात मी एका शिक्षणसंस्थेच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. नाव नेर्लेकर, वय एकतीस, आणि गावात माझ्याइतकं इंग्रजी कोणाला येत नाही याचा मला भारी ताठा. त्या जूनपासून शाळेत सुतारकामाचा तास सुरू व्हायचा होता आणि त्यासाठी शिक्षक नेमायचा होता. संस्थेच्या नियमात एक सोय होती. सर्टिफिकेट नसलं तरी अनुभवी कारागीर चालेल, मात्र त्याला विषयाची तोंडओळख हवी आणि तो मुलांना नीट, खरं शिकवील अशी निवड समितीची खात्री पटायला हवी. अर्ज दोनच आले होते. एक तासगावकडच्या सर्टिफिकेटवाल्या तरुणाचा आणि दुसरा तातोबाचा. तो अर्जही मीच लिहून दिला होता.

तातोबाला ती नोकरी हवीच होती. त्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांचं. पंचक्रोशीत चाक करावं तर तातोबानं, असं लोक म्हणत, पण म्हणणारे तेच लोक आता टायरच्या गाड्या घेत होते. लोखंडी आस आणि रबरी चाकं तयार मिळायची. वर्षभरात त्याच्याकडे नवं चाक एकही आलं नव्हतं, आलं ते जुन्याचं दुरुस्तीकाम. त्याचा मेव्हणा, बहिणीचा नवरा, पुण्यात सोफासेट करायचा. तो मागच्या दिवाळीला येऊन सगळ्यांसमोर म्हणाला होता, “पावनं, गाडीचा सुतार म्हंजी अर्धा सुतार. पॉलिशचं काम येत न्हाई त्यो कसला कार्पेंटर?” तातोबानं ते हसण्यावारी नेलं, पण त्याचा म्हातारा बाप, सोनाबा, दोन दिवस जेवला नव्हता. हे मला तातोबाच्या बायकोनं, चंद्रावैनींनी सांगितलं होतं.

मुलाखतीला संस्थेचे अध्यक्ष इंगवले वकील येणार होते आणि त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारायची हौस. म्हणून मी रोज दुपारी शाळा सुटली की मारुतीच्या देवळामागच्या तातोबाच्या छपरात जाऊन बसायचो. तो काम करायचा आणि मी त्याला त्याच्या कामाचे इंग्रजी शब्द सांगायचो. उपकार करतोय अशी भावना मनात होती, हे लपवत नाही. शब्दांची मुळं खणत बसायची मला खोड, आणि वर्गातली पोरं तर जांभया द्यायची. इथं निदान एक माणूस कान देऊन ऐकत होता.

त्या दिवशी मी कोल्हापुरातून जुना विकत घेतलेला जाडजूड कोश बरोबर नेला होता.

“आज मुख्य शब्द,” मी म्हणालो. “कार्पेंटर.”

“त्यो ठावं हाय. मेव्हणा ऐकवून गेलाय.”

“अर्थ ठाऊक आहे, मूळ नाही ठाऊक. तुमच्या सुतार शब्दाचं मूळ काय?”

“सूत धरनारा,” तातोबा चटकन म्हणाला. “काव लावल्याली दोरी लाकडावर धरायची, फट्‌दिशी सोडायची, रेघ उमटती. त्या सुतावर करवत चालती. सूत चुकलं की समदंच चुकलं. आबांनी शिकवलंय.”

“बरोबर. आता हे बघा.” मी कोश उघडून त्याच्यासमोर धरला. त्याला एक अक्षर वाचता येणार नव्हतं, तरी त्यानं हात धोतराला पुसून मग पानाला बोट लावलं. “हा शब्द इंग्रजांचा नव्हेच. त्यांचा स्वतःचा जुना शब्द वेगळा होता. हा आला फ्रेंचांकडून, आणि फ्रेंचांकडे आला जुन्या रोमन लोकांच्या भाषेतून. त्या भाषेत कार्पेंटम म्हणजे दोन चाकांची गाडी. आणि ती गाडी करणारा तो कार्पेंटर.”

तातोबाच्या हातातली लाकूड तासायची वाकस खाली आली.

“फकस्त गाडी करनारा?”

“मुळात तेवढाच. मग पुढं घर बांधणारा, दारं-खिडक्या करणारा, सगळ्याच लाकूडकाम करणाऱ्यांना तेच नाव पडलं.”

“म्हंजी पावना आला आन् घरमालक झाला!” तो हसला. मग हसायचा थांबला आणि पानाकडे बघत म्हणाला, “मास्तर, सोफा करनारा बी आमच्याच नावानं वळखला जातोय म्हना की.”

“तसंच म्हणायला हवं.”

“आबा!” त्यानं आत हाक मारली. “आबा, भाईर या. मास्तर काय म्हनत्यात आयका.”

सोनाबाला मोतीबिंदूमुळे जवळजवळ दिसत नव्हतं. तो चौकट चाचपत आला आणि उंबऱ्यावर बसला. मला सगळं परत सांगावं लागलं. मी ते आनंदानं, जरा रंगवूनच सांगितलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे कान वळवला. मग म्हणाला, “सायबाच्या मुलकात बी मूळ सुतार गाडीचाच?”

“हो आबा.”

“छापलंय?”

“छापलंय. हे काय पुस्तकात.”

त्यानं हात पुढे केला. मी कोश त्याच्या मांडीवर ठेवला. पानावरून त्यानं तळवा फिरवला, रंधा मारलेली फळी तपासावी तसा, आणि कोश परत दिला. त्या दिवसापासून छपरासमोरून जो जाईल त्याला सोनाबा थांबवून ही गोष्ट सांगू लागला. न्हाव्याला सांगितली, पोस्टमनला सांगितली, पाण्याला निघालेल्या बायकांना सांगितली. पुण्याच्या जावयाला तर त्यानं माझ्याकडूनच पोस्टकार्ड लिहून घेतलं. “अर्धा सुतार कोन त्ये आता छापील हाय,” असं त्यात शेवटी घालायला लावलं. मी हसत हसत घातलं.

आता इंगवले वकिलांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं नीट समजणार नाही. माणूस तसा वाईट नव्हता. शाळेसाठी खपायचा. पण आपली चूक कोणी दाखवलेली त्याला खपत नसे. आदल्या वर्षी गॅदरिंगच्या भाषणात त्यांनी सिडनीला ऑस्ट्रेलियाची राजधानी करून टाकलं. भूगोलाचे शेंडगे सर पहिल्या रांगेतून सौम्य आवाजात म्हणाले, “कॅनबेरा, साहेब.” त्याच वर्षीच्या जूनमध्ये शेंडगे सर संस्थेच्या अशा शाखेत रुजू झाले होते, जिथं एसटी दिवसातून एकदा जायची आणि पावसाळ्यात तीही नाही. तेव्हापासून आम्हा मास्तरांत अळीमिळी गुपचिळी होती. शिवाय आमचे हेडमास्तर दिवाळीला निवृत्त होणार होते, आणि त्या खुर्चीसाठी वकिलांच्या तोंडात माझं नाव होतं. म्हणजे माझा हात दगडाखाली होता, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर दगड कोणी ठेवलेला नव्हता. हात मीच सरकवला होता.

मुलाखत शाळेच्या ड्रॉइंगच्या वर्गात झाली. वकील मधल्या खुर्चीवर, एका बाजूला तालुक्याच्या शाळेतले सुतारकामाचे शिक्षक गोखणकर, दुसऱ्या बाजूला मी. मला कागदपत्रं बघायला आणि गरज पडली तर इंग्रजीचं मराठी करायला बसवलं होतं.

आधी प्रात्यक्षिक. दोघांना एकेक फळी दिली आणि दोन तुकडे एकमेकांत खाच आणि कुसू करून बसवायला सांगितलं. सर्टिफिकेटवाल्या तरुणानं पट्टी लावली, पेन्सिलीनं आखलं, नीट काम केलं. तातोबानं पेन्सिल घेतलीच नाही. त्यानं फळी डोळ्याला लावून पाहिली, अंगठ्यानं माप घेतलं आणि पटाशी चालवली. तरुणाच्या निम्म्या वेळात त्याचा सांधा तयार झाला. गोखणकरांनी तो हातात घेऊन ओढला, पिळला, टेबलाच्या कडेवर आपटला.

“सरस न लावता?” ते म्हणाले.

“सरस कशाला? लाकडाला लाकूड धरतंय,” तातोबा म्हणाला.

गोखणकर वकिलांकडे वळले. “साहेब, मी पंधरा वर्षं शिकवतोय. मला असा सांधा येत नाही.”

मला आठवतंय, माझ्या छातीत तेव्हा आनंद मावत नव्हता. आपला माणूस म्हणून.

तोंडी परीक्षेला तो तरुण अडखळत बोलला. तातोबा बिनधास्त होता. अवजारांची नावं त्यानं मी शिकवली तशी सांगितली. जॉइनर म्हणजे सांधे जोडणारा, हेही सांगितलं. वकील खूश दिसत होते. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “आणि कार्पेंटर? हा शब्द कुठून आला, काही कल्पना?”

मी कधी न पाहिलेलं हसू तातोबाच्या तोंडावर आलं. “गाडीवरनं, सायेब. जुन्या लोकांच्या भाषेत दोन चाकांच्या गाडीला तसं म्हनत हुते. ती करनारा त्यो कारपेंटर. मूळ सुतार गाडीचाच.”

वकील खो खो हसले. मनापासून, पोट धरून.

“अहो, काय हे! गाडी? कार म्हणजे गाडी म्हणून कार्पेंटर? मग कार्पेट म्हणजे गाडीवर घालायची सतरंजी की काय?” त्यांनी डोळे पुसले. “कार्व्ह, कार्व्ह! कार्व्ह म्हणजे कोरणे. कोरणारा तो कार्पेंटर. आम्हाला कॉलेजात खुद्द इंग्रज प्राध्यापक होता इंग्रजीला.”

तातोबा गोंधळला, पण घाबरला नाही. “न्हाई सायेब, छापील हाय. म्या बोट लावून बगितलंय.”

“तुम्ही? इंग्रजी वाचता?”

“मला कुठलं येतंय. आमच्या मास्तरांनी दावलं.” आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी नव्हती. आपला माणूस समोर बसलाय, आता तो सांगेल, इतका साधा भरवसा होता.

वकिलांचं हसू कमी झालं. ते माझ्याकडे वळले. “काय हो नेर्लेकर? तुम्ही शिकवलंत हे?”

कोश शेजारच्या खोलीत, माझ्या कपाटात होता. उठून आणायला अर्धं मिनिट लागलं असतं. नुसतं “बघावं लागेल साहेब” म्हटलं असतं तरी तातोबा वाचला असता. मी तेवढंही म्हणालो नाही. मी हसलो. वकिलांच्या हसण्याला जुळेल इतपत हसलो आणि म्हणालो, “छे, छे, साहेब. असं मी कसं सांगेन? कार्व्हवरूनच आहे तो शब्द.”

“तरी म्हटलं!” वकील म्हणाले.

गोखणकर हातातला सांधा उगाच उलटासुलटा करत होते. तातोबानं माझ्यावरची नजर काढली आणि फरशीकडे पाहिलं.

“मग माजंच काय तरी चुकलं आसंल, सायेब,” तो म्हणाला.

तो बाहेर गेल्यावर गोखणकर म्हणाले, “साहेब, हात सोन्याचे आहेत हो त्याचे.”

“हात असतील,” वकील म्हणाले. “पण जीभ? मनाला येईल ते ठोकून देतो आणि वर मास्तरांचं नाव सांगतो. नियमात काय म्हटलंय? मुलांना खरं शिकवील अशी खात्री पाहिजे. थापा मारणारा मास्तर मला नको. काय नेर्लेकर?”

“बरोबर आहे, साहेब,” मी म्हणालो, आणि सर्टिफिकेटवाल्या तरुणाच्या अर्जावर निवड असं माझ्याच अक्षरात लिहिलं.

दिवाळीनंतर मी हेडमास्तर झालो. त्या खुर्चीत एकोणीस वर्षं बसलो. तातोबा त्याच पावसाळ्यात मिरजेला खोक्यांच्या कारखान्यात गेला. खोकी ठोकायला सुतार लागत नाही, हातोडी उचलता येणारा कोणीही चालतो. पण मला ज्या गोष्टीची लाज वाटते ती ही नव्हे. म्हणजे हिचीही वाटते. पण भीतीनं माणसाची जीभ फिरते, हे समजण्यासारखं आहे. मी स्वतःला तेवढी माफी कधीतरी दिली असती. खरी लाज त्यानंतरच्या दोन-तीन तासांतली आहे, आणि ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

साडेपाचच्या सुमाराला मी तातोबाकडे निघालो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं. फार नव्हतंच. “तातोबा, तुमचं खरं होतं. मी भ्यालो.” एवढंच. नोकरी परत मिळणार नव्हती, पण निदान हे सांगायचं, असं अगदी पक्कं ठरवलं होतं.

तो छपरात अवजारं गोणपाटात गुंडाळत होता. मला बघून उठला आणि पाट सरकवला.

“बसा मास्तर. तोंड का असं? तुमी काय करनार, नशिबात नव्हतं.”

मी बसलो. पाठ केलेलं राहिलं आणि मी गोणपाटातली अवजारं बघत बसलो.

“येक इचारू? रागावू नगा,” तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि आवाज खाली आणला. “तवाचं खरं, का आजचं?”

“कशाचं?”

“गाडीचं हो. नोकरीचं जाऊ द्या, त्येचं न्हाई इचारत म्या. ह्यो म्हातारा गावभर सांगत सुटलाय. जावयाला कागुद बी धाडलाय. आता त्ये खोटं आसंल तर त्येला थांबवाय पायजे. उद्या कोन शिकल्यालं भेटलं तर हसंल त्येला. आज मला हसले, माजं काय न्हाई. पर त्येला हसल्यालं मला सोसायचं न्हाई. म्हनून इचारतो. खरं आसंल तर सांगू दे त्येला खुशाल. तुमी म्हनाल तसं.”

छपरात आम्ही दोघंच होतो. वकील केव्हाच तालुक्याला निघून गेले होते. भिण्यासारखं काही नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर तातोबा ते घेऊन वकिलांकडे गेला नसता, हेही मला पक्कं ठाऊक होतं. दोन वाक्यं तोंडपाठ होती. फक्त ती बोलायची तर या माणसाच्या तोंडाकडे बघत बोलावी लागणार होती, आणि मग मी त्याच्या नजरेत मास्तर राहणार नव्हतो.

“आजचं,” मी म्हणालो. “तेव्हा माझी वाचण्यात चूक झाली. ओळ चुकली.”

तातोबानं मोठा श्वास सोडला. मला वाटलं, त्याला वाईट वाटलं. पण त्याचा चेहरा एकदम सैल झाला, मोकळा झाला.

“बरं झालं इचारलं,” तो म्हणाला. “खरं सांगू मास्तर? दुपारधरनं माज्या मनात वंगाळ येत हुतं. मला वाटलं, तुमी सायबाला भिऊन फिरलासा. लई वाईट वाटलं हुतं बगा. नोकरीपरीस जास्त. तसं न्हवतं, चुकी हुती. चुकी काय, कुनाचीबी हुती.” त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “मनात आनलं म्हनून माफी करा.”

मी माफी केली. खरंच, “असू दे, असू दे” असं म्हणालो.

मग तो उठून आत गेला. भिंत कुडाची होती. प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

“आबा, त्ये गाडीचं आता कुनाला सांगू नगा. मास्तरांची वाचन्यात चुकी झाली हुती. त्ये कोरन्यावरनं हाय.”

आत बाजलं करकरलं.

“गाडीवरनं न्हाई?” सोनाबा म्हणाला.

“न्हाई.”

“मास्तर सोता आलाय सांगाय?”

“हां. भाईर बसल्यात.”

“मग बरा हाय मानूस,” म्हातारा म्हणाला. “चुकी झाली म्हनून घरला येऊन सांगाय कोन येतंय? चंद्रे, मास्तराला चा ठेव. दुधाचा ठेव.”

चंद्रावैनींनी कपबशी आणली. घरातली ती एकच धड कपबशी असावी. पाहुण्याला घालतात तशी साखर जास्त घातली होती. सोनाबा चौकट चाचपत उंबऱ्यावर येऊन बसला आणि मी चहा घेतोय की नाही, हे कान देऊन ऐकत राहिला. मी बशीत ओतला, फुंकर मारली आणि त्याला ऐकू जाईल असा भुरका मारत सगळा चहा संपवला.